अष्टागरातला गॅस गीझर

थळ-किहीमपासून चौल-रेवदंड्यापर्यंतच्या अष्टागरात न्हाणीचे सरपण विकत घेण्याची वेळ पूर्वी सहसा कोणावर येत नसे. सुकलेली चुडते, नारळाची सोडणे, करवंट्या आणि पोफळीच्या विऱ्या यांचा पुरवठा वाडीच करी, आणि बंबात पहाटे तापलेले पाणी घंगाळात विसण घालून घरातली सारी माणसे पाळीपाळीने वापरीत. अशा मुलखात विकतच्या इंधनावर चालणारे यंत्र घरोघर रुजावे याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. परंतु वाडीत राबणारे गडी कमी झाले, न्हाणीघरे घरात आली, आणि शनिवार-रविवारी मांडव्याच्या धक्क्यावर उतरणाऱ्या पाहुण्यांना खोल्या देण्याचा व्यवसाय नागाव-आक्षीपासून दिवेआगर-श्रीवर्धनपर्यंत फोफावला, तेव्हा हव्या त्या घटकेला हव्या तितक्या माणसांना गरम पाणी पुरवणे बंबाच्या आवाक्यात राहिले नाही.

खनिज वायू या किनाऱ्याला परका नाही. १९७४ मध्ये ‘बॉम्बे हाय’चे तेलक्षेत्र सापडले, तिथला वायू समुद्रतळावरच्या नळांतून उरणला आला, थळला त्यावर खताचा कारखाना चालू लागला आणि उसरला त्यातून सिलिंडरचा वायू वेगळा काढण्याचा प्रकल्प उभा राहिला. यंत्राची कल्पना मात्र दूरची आणि बरीच जुनी. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांनी १८६८ मध्ये पाणी साठवून न ठेवता वाहतावाहताच तापवणारे गॅसचे उपकरण तयार केले; त्याला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती आणि ज्वलनातून निघालेले वायू थेट न्हाणीघरात पसरत. या एका बाबतीत आपल्याकडची कित्येक घरे अद्याप १८६८ सालातच नांदत आहेत.

तोटी सोडली की वाहत्या पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, त्याने एक बारीक कळ दाबली जाते, दोन सेलांच्या बळावर टकटक करीत ठिणगी पडते, वायूची झडप उघडते आणि निळ्या ज्योतींची रांग तांब्याच्या वेटोळ्याखाली एका दमात पेटते; तोटी बंद केली की सारा व्यवहार तत्क्षणी तहकूब. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणारे यंत्र धरले, तर वीस लिटरच्या बादलीला पंचावन्न ग्रॅमच्या आसपास वायू लागतो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरात अडीचशेच्या घरात बादल्या निघतात. हा हिशेब घरच्या माणसांचा. पाहुणे तोटी सोडून दात घासतात. शिवाय खोल्या भाड्याने देणाऱ्याने १९ किलोचा व्यापारी सिलिंडर घ्यावा असा नियम असता, घरगुती सिलिंडरवरच धंदा उरकण्याची वहिवाट किती ठिकाणी आहे, याची चौकशी मी न केलेली बरी.

वीज गेली तरी हे यंत्र चालते, ही त्याची मोठी ख्याती. पण ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर येऊन आदळले आणि श्रीवर्धन-मुरूडकडच्या अनेक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, तेव्हा त्या ख्यातीतली मेख उघड झाली. सेल शाबूत होते, सिलिंडर भरलेला होता, परंतु छपरावरची टाकी भरणारा पंप विजेवरचा; आणि टाकीतून उतरणाऱ्या पाण्याला दोन-अडीच मीटरची उंची मिळाल्याखेरीज तो रबरी पडदा जागचा हलत नाही.

तथापि खरी धास्ती निराळी आहे. सिलिंडरमधल्या वायूची गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात, आणि त्यामुळे वास नाही तोवर धोका नाही असा समज रूढ झाला आहे. पण कोंदट, खिडकी लावून घेतलेल्या न्हाणीघरात ज्योतीला प्राणवायू अपुरा पडू लागला की जो कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो, त्याला वासही नाही आणि रंगही नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्टपणे चिकटतो. माणूस आतून कडी लावलेल्या दाराआड निपचित पडतो आणि बाहेरच्यांना नुसते पाणी वाहत असल्याचे ऐकू येते. चुलाणाचा धूर डोळ्यांत जाऊन माणसाला बाहेर तरी हाकलीत असे. तेव्हा हे यंत्र नळाच्या नव्हे, चुलीच्या जातीचे समजून न्हाणीघराबाहेर, मागच्या पडवीच्या भिंतीवर बसवावे, आणि घेताना भारतीय मानक १५५५८ चा शिक्का पाहून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचण इतकीच की या किनाऱ्यावर बाहेर म्हणजे खाऱ्या वाऱ्यात, आणि आषाढात तो वारा ज्योतही विझवतो. म्हणून आडोसा हवा, पण हवा कोंडणारा नको, अशी जागा हुडकण्यात मिस्त्रीचे अर्धे कौशल्य खर्ची पडते. उन्हाळ्यात मचूळ होणाऱ्या विहिरींच्या पाण्याने वेटोळ्यात क्षार धरतात आणि धार बारीक होते, ते वेगळेच. तरी तांबे टिकते. आधी गंजतो तो बाहेरचा पत्रा, आणि त्याच्याही आधी सेलच्या कप्प्यातली स्प्रिंग. मग गीझर बिघडला म्हणून निरोप धाडला जातो, मिस्त्री येऊन ती स्प्रिंग पॉलिश पेपराने घासतो, नवे सेल घालतो आणि येण्याजाण्याचे पैसे मागतो, ते मुकाट्याने द्यावेत.