सूर्य मावळतच नाही, तर रोजा सोडायचा कधी?

नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात साधारण 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळतच नाही. 2015 आणि 2016 साली रमजान नेमका त्याच दिवसांत आला. पहाट ते सूर्यास्त असा रोजा तिथे पाळायचा कसा? तिथल्या मुस्लिमांनी मक्केचं वेळापत्रक धरलं. बाहेर लख्ख ऊन, आणि घरात इफ्तारी!

रमजान उन्हाळ्यात येतो कसा, हे अधिक महिना ठाऊक असलेल्यांना चटकन कळेल. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचं. पंचांगात दर दोन-तीन वर्षांनी एक महिना वाढतो, म्हणून दिवाळी शरदातच राहते. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकत साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो.

लांबलचक रोजात भूक शरीर निभावून नेतं: आधी यकृतातलं ग्लायकोजेन, मग चरबी. पाण्याचा मात्र असा साठा नसतो. मूत्रपिंडं पाणी राखून वापरतात, पण घाम कोण थांबवणार? म्हणून रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणात, म्हणजे सहरीत, खारट, तळकट खाणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. आजाऱ्याला रोजे पुढे ढकलायची सवलत कुराणातच आहे. मधुमेहाची औषधं घेत असाल, तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटा.