धोबी तलावचं रंगभवन

ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबईत वाढलेल्या एखाद्या रॉकवेड्यापुढे नुसतं ‘रंगभवन’ म्हणा. तो आधी पावसाबद्दल बोलेल. रॉक बँडांचं संमेलन ‘इंडिपेंडन्स रॉक’, म्हणजे सगळ्यांचं ‘आय-रॉक’, १९८६ साली सुरू झालं आणि नावाला जागून ते स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास इथे व्हायचं. रंगभवन खुलं नाट्यगृह, प्रेक्षकांच्या डोक्यावर आभाळ. काळे टी-शर्ट अंगाला चिकटलेले, बुटांत चिखल, लांब केसांतून पाणी निथळतंय आणि पुढच्या रांगांत शेकडो मुंडकी एका ठेक्यावर हलताहेत. सर आली म्हणून उठून जाणारा तिथे विरळाच.

सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारची ही जागा राज्य सरकारची. चर्चगेट, मरीन लाइन्स, व्हीटी, कुठूनही चालत पोचता यायचं, त्यामुळे डोंबिवली-विरारच्या पोरांनाही ती आपली वाटली. भोवतालचा मुलूखही वाजणाऱ्यांचाच. जेर महालात गोव्याच्या गाववाल्यांचे कूड, म्हणजे मुंबईत उतरायच्या सामायिक खोल्या, जवळच फुर्टाडोंचं वाद्यांचं दुकान. मुंबईच्या जॅझ बँडांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे कितीतरी गोवेकर या भागाशी बांधलेले. ‘जॅझ यात्रा’ १९७८ साली सुरू झाली, सॅक्सोफोनवाला सोनी रॉलिन्स त्या वर्षी येऊन वाजवून गेला. तो उत्सवही रंगभवनाशी जोडला गेला. १९९४ साली जेथ्रो टल हा परदेशी रॉक बँड आला आणि कॅसेटमधला इयन अँडरसन बासरी घेऊन समोर उभा राहिला.

पण रंगभवनाचं खरं मोठेपण मला पाहुण्यांत दिसत नाही, ते इथल्या पोरांत दिसतं. श्रोता कडक होता. परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवा, हीच त्याची मागणी. मिळमिळीत पॉप आलं की आरडाओरडा करून खाली उतरवायचा. अशा श्रोत्यांपुढे स्वतःची गाणी म्हणणं छातीचं काम होतं. मुंबईच्या ‘रॉक मशीन’नं ते केलं. १९८८ साली त्यांचा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला, पुढे त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं. दिल्लीच्या ‘परिक्रमा’लाही आय-रॉकचा मंच मिळाला. आपल्याच शहरातली पोरं स्वतःचं गाणं वाजवतात आणि हजारो लोक ते पाठ म्हणतात, हे या मंचानं दाखवलं.

मग ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरले. इथे तर कामा आणि जीटी रुग्णालयं, झेवियर्स, सगळंच हाकेच्या अंतरावर. स्पीकर बंद झाले. आय-रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेलं. बँड आले, गर्दीही झाली, पण जुने लोक आजही हळहळतात ते धोबी तलावासाठी.

खाटेवरच्या रुग्णाला झोप हवी, यात वाद नाही. चीड येते ती पुढच्या अनास्थेची. रंगभवनाच्या जागेवर मराठी भाषा भवन उभारायचं काही वर्षं घाटत होतं, नंतर ते चर्नी रोडला हललं. रात्री दहानंतरच्या स्पीकरबंदीतून त्याच नियमांनी बंदिस्त सभागृहं वगळली आहेत. आवाज बाहेर न सोडणाऱ्या भिंती, वर छप्पर आणि विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल असं भाडं: सरकारनं मनावर घेतलं तर रंगभवनात नाटक, लावणी आणि मेटल पुन्हा एकाच मंचावर होऊ शकतं.