वयानुसार मृत्यू : आकड्यांमागचे गणित

जीवनसारणी : एकाच वेळी जन्मलेल्या, समजा १,००,००० मुलांपैकी कोणत्या वयापर्यंत किती जण हयात राहतील, याचा तक्ता. एडमंड हॅली (धूमकेतूवालेच) यांनी ब्रेस्लाउ शहराच्या नोंदींवरून १६९३मध्ये तो मांडला.

गोम्पर्ट्झ यांचे सूत्र, १८२५ : प्रौढ वयात मृत्यूचा धोका भूमितीश्रेणीने वाढतो, साधारण आठ वर्षांत दुप्पट. मेकहॅम यांनी १८६०मध्ये वयाशी संबंध नसलेला स्थिरांक त्यात मिळवला. बालमृत्यू या सूत्रात बसत नाहीत.

प्रत्यक्ष नोंदींतल्या अडचणी, उदाहरणार्थ बीड : १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानातली पहिली जनगणना १८८१ची.
• बहुतेकांना जन्मतारीख ठाऊक नसे; वय अंदाजाने सांगत. म्हणून ३०, ४०, ५० या वयांवर गर्दी. २९, ३१ जवळपास ओस. सारणीआधी ही गर्दी गणिताने पसरवावी लागते.
• १८९९–१९००चा दुष्काळ आणि १९१८चा इन्फ्लुएंझा : अशा वर्षांत वयानुसार मृत्यूचा नेहमीचा वक्र मोडतो. इन्फ्लुएंझाने २० ते ४० वयाची धडधाकट माणसे मोठ्या संख्येने नेली.

जन्मवेळचे आयुर्मान : १९०१–११ या दशकात भारतात सुमारे २३ वर्षे. म्हणजे माणसे तेविशीत मरत असे नव्हे. बालमृत्यूंमुळे सरासरी इतकी खाली येई.

नोंदणी : जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९चा.