साथीचा कान: बार्बरा राइट

बार्बरा राइट मूळच्या पियानोवादक. जन्म १९१५चा, इंग्लंडमधल्या वर्दिंगचा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकून त्या पॅरिसला पियानोवादक आल्फ्रेद कॉर्तोंकडे गेल्या आणि पुढे पियानोवर साथ करू लागल्या. फ्रेंचमधून इंग्रजीत अनुवाद करणं नंतर आलं, मैत्रीच्या वाटेनं.

ही मैत्री स्टेफान आणि फ्रान्चिश्का थेमेरसन या पोलिश दांपत्याशी. त्यांनी १९४८ साली लंडनमध्ये गॅबरबॉकस ही छोटी प्रकाशनसंस्था काढली. तिच्यासाठी राइट यांनी फ्रेंच नाटककार आल्फ्रेद जारीचं ‘उबू रुआ’ हे नाटक इंग्रजीत आणलं. १९५१च्या त्या आवृत्तीसाठी खिळे जुळवलेच नाहीत. सगळा मजकूर राइट यांनी स्वतः लिथोच्या प्लेटांवर हातानं लिहिला आणि फ्रान्चिश्कांनी त्याच्या अवतीभवती चित्रं काढली.

मग १९५८ साली फ्रेंच लेखक रेमों केनोचं ‘एक्सरसाइजेस इन स्टाइल’ आलं. राइट यांची खरी थोरवी मला इथे दिसते. गोष्ट क्षुल्लक आहे: बसमध्ये लांब मानेचा एक तरुण शेजाऱ्यावर खेकसतो, पुढे स्टेशनासमोर मित्र त्याला ओव्हरकोटाच्या बटणाविषयी सल्ला देतो. केनोनं ती ९९ तऱ्हांनी सांगितली. अशा पुस्तकात नुसता आशय पोचवून काय उपयोग? राइट यांनी प्रत्येक तऱ्हेचा खेळ ओळखला आणि तो इंग्रजीच्या मैदानावर नव्यानं मांडला. इंग्रजांच्या तोंडची मोडकी फ्रेंच जिथे होती, तिथे त्यांनी फ्रेंच माणसाच्या तोंडची मोडकी इंग्रजी घातली. गायक कुठे श्वास घेणार हे साथ करणाऱ्याला आधी कळावं लागतं. तो कान त्यांनी इथे वापरला.

केनोची कादंबरी ‘झाझी’ १९६०मध्ये आली, पाठोपाठ त्याच्या इतरही कादंबऱ्या. नाताली सारोत आणि रोबेर पँजे या फ्रेंच लेखकांची पुस्तकंही त्यांनी वर्षानुवर्षं केली. न बोललेलं बोलण्याखाली सरकत राहतं, असं सारोतचं गद्य. तिथे स्वल्पविराम हलला तरी पात्राचा सूर बदलतो. खपाच्या हिशेबानं यातलं फारसं काही निवडण्याजोगं नव्हतं. लहान प्रकाशक आणि अवघड लेखक यांना त्या धरून राहिल्या, हे मला त्यांच्या कौशल्याइतकंच मोलाचं वाटतं. पिएर आल्बेर-बिरोच्या ‘ग्राबिनुलोर’च्या अनुवादासाठी त्यांना फ्रेंच-इंग्रजी अनुवादाचं स्कॉट मॉनक्रीफ पारितोषिक मिळालं १९८७ साली, वयाच्या बहात्तरीत.

राइट २००९मध्ये गेल्या. पुढे न्यू डिरेक्शन्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेनं ‘एक्सरसाइजेस’ची वाढीव आवृत्ती काढली. त्यातला केनोचा नवा भर ख्रिस क्लार्क यांनी अनुवादित केला; मूळच्या ९९ तऱ्हांचा अनुवाद राइट यांचाच राहिला.