सणाच्या खरेदीचा भागाकार

गणपती गावाला गेले की बाजाराला जी जाग येते, ती तुळशीच्या लग्नापर्यंत टिकते. दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी, धनत्रयोदशीला सोने, पाडव्याला टीव्ही, भाऊबिजेला ओवाळणी. या यादीत अलीकडे एका नव्या मालाची भर पडली आहे. छापील कापडी पिशव्या, बांबूचे ब्रश, बियांच्या कागदाची भेटकार्डे, 'हरित' फटाके, तागाच्या पिशवीत बांधलेला सुकामेवा. सणही दणक्यात व्हावा आणि निसर्गालाही झळ लागू नये ही इच्छा प्रामाणिक आहे. तिची टिंगल करण्याचे कारण नाही. पण तिच्या मुळाशी एक समजूत आहे, की वस्तू चांगल्या साहित्याची असली म्हणजे तिची खरेदीही आपोआप चांगली ठरते. ही समजूत हिशेबाला टिकत नाही. कोणतीही वस्तू घडवताना पाणी, माती, कोळसा आणि तेल खर्ची पडते. बिलावर हा खर्च छापलेला नसतो, पण तो झालेला असतो. वस्तू जितक्या वेळा कामी येते, तितक्या वाटण्या त्या खर्चाच्या होतात. म्हणजे हा साधा भागाकार आहे. 'पर्यावरणपूरक' म्हणून विकली जाणारी बहुतेक खरेदी यातला भाज्य थोडाफार कमी करते आणि भाजकाकडे ढुंकूनही पाहत नाही.

कापडी पिशवीचेच उदाहरण घेऊ, कारण ती या सगळ्या चळवळीची जणू खूणच झाली आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये पिशव्यांचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशेब मांडला. पातळ प्लास्टिकची पिशवी एकदाच वापरून टाकली असे धरले, तरी तापमानवाढीच्या बाबतीत तिची बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असे त्यातून दिसले. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये असाच अभ्यास केला. तिथल्या जाडसर प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत साध्या कापसाच्या पिशवीला ५२ वापर लागत होते, तर सेंद्रिय कापसाच्या पिशवीला १४९. हवामानापलीकडचे सगळे निकष धरले, तर हे आकडे हजारांत जातात. कारण उघड आहे. कापूस शेतात पिकतो. त्याला जमीन लागते, पाणी लागते, खत लागते, मग सरकी काढणे, सूत कातणे, विणणे, शिवणे. सेंद्रिय कापसाचे एकरी उत्पादन कमी, म्हणून त्याच वजनाच्या कापडाला जमीन जास्त लागते. १३१ हा आकडा अशक्य मुळीच नाही. आठवड्यातून दोनदा भाजीला नेली, तर सव्वा वर्षात ती पिशवी आपले देणे फेडते आणि पुढची कित्येक वर्षे नफ्यात राहते. पण दिवाळीच्या भेटीबरोबर एक, परिसंवादात एक, दागिन्यांच्या दुकानातून एक आणि हळदीकुंकवाच्या वाणातून एक, अशा बारा पिशव्या दारामागच्या खुंटीवर लटकत असतील, तर त्यातल्या अकरा कधीच देणे फेडणार नाहीत.

यावर लगेच आक्षेप येईल, की मग प्लास्टिकच बरे म्हणायचे का? तसे नाही. या अभ्यासांत उघड्यावर फेकलेल्या पिशवीचे काय होते, याचा हिशेब जवळपास नव्हताच. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर नाले तुंबवणाऱ्या पिशव्यांवर मुंबईत जे बोलले गेले, ते खोटे नव्हते. गाईंच्या पोटात सापडणाऱ्या पिशव्याही खोट्या नाहीत. म्हणूनच महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये अधिसूचना काढून प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तू बंद झाल्या, ते योग्यच झाले. मुद्दा एवढाच, की घरात असलेली जुनी पिशवी, मग ती सुती असो, नायलॉनची असो की सिमेंटच्या गोणीची शिवलेली असो, ती खिशात घालून बाहेर पडणे हे पर्यावरणाचे काम आहे. नवी, सुंदर, 'पृथ्वी वाचवा' असे छापलेली तेरावी पिशवी घेणे ही फक्त आणखी एक खरेदी आहे.

हा भागाकार सगळीकडे सारखा लागू होत नाही, हेही मान्य केले पाहिजे. काही वस्तूंचा वापर सणानेच ठरवून दिलेला असतो. गणपतीची मूर्ती दीड दिवस, पाच दिवस किंवा दहा दिवस. तिथे भाजक वाढवता येत नाही, म्हणून साहित्य आणि आकार यांनाच महत्त्व येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई करणारी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यामागचे तर्कशास्त्र हेच होते. प्लास्टर पाण्यात महिनोन्‌महिने तसेच राहते आणि रंगांतले जड धातू पाण्यात उतरतात. पण शाडू म्हणजे निर्दोष, असेही नाही. ही माती बहुतांशी गुजरातमधून ट्रकने पेणला आणि इतर ठिकाणी येते. ती जमिनीतून खणावी लागते आणि तळ्यात विरघळली की गाळ होऊन तळाशी बसते. म्हणून पुण्यात 'पुनरावर्तन' या नावाने जो उपक्रम चालतो, तो साध्या शाडूच्याही एक पाऊल पुढचा आहे. घरी बादलीत विसर्जन करायचे, खाली बसलेली माती वाळवून गोळा करायची आणि मूर्तिकारांना परत द्यायची, की पुढच्या वर्षी त्याच मातीचा गणपती. मूर्ती एकदाच पुजली जाते, पण माती अनेकदा कामी येते. ज्या वस्तूचा वापर वाढवता येत नाही असे वाटत होते, तिच्या मातीचा वापर असा वाढवता येतो.

फटाक्यांची गोष्ट याच्या उलट आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांचाच आग्रह धरला आणि नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने पुढाकार घेऊन ते विकसित केले. त्यांतून बाहेर पडणारे सूक्ष्म कण साधारण ३० टक्क्यांनी कमी असतात. म्हणजे ७० टक्के शिल्लक राहतातच. आता 'हरित आहेत, मग काय हरकत' म्हणून कोणी दीडपट माळा लावल्या, तर ७० ला दीडने गुणून १०५ येतात. धूर आधीपेक्षा जास्तच झाला. चांगल्या शिक्क्याने मनावरचे ओझे उतरते आणि हात सैल होतो, हे हरित खरेदीचे सगळ्यात मोठे कोडे आहे. दसऱ्याच्या सोन्याचेही तेच. आपट्याचे पान पूर्ण नैसर्गिक, कुजणारे, प्लास्टिकचा संबंधच नाही. पण बाजारात येतात त्या पानांच्या जुड्या नव्हेत, तर कोयत्याने तोडलेल्या अख्ख्या फांद्या, आणि त्यांत आपट्याच्या नावाखाली कांचनही खपवला जातो. दुसऱ्या दिवशी त्याच फांद्या न खपलेल्या झेंडूच्या ढिगाबरोबर मंडईच्या कोपऱ्यात पडलेल्या दिसतात. नैसर्गिक वस्तू जरुरीपेक्षा जास्त तोडली, तर तीही उधळपट्टीच. घराला एक पान पुरते.

टिकाऊ वस्तूंत मात्र भागाकार पूर्ण ताकदीने चालतो आणि कपड्यांइतका तो कुठेच स्पष्ट दिसत नाही. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार, आधीच्या पंधरा वर्षांत जगातले कपड्यांचे उत्पादन जवळपास दुप्पट झाले आणि एक कपडा टाकून देण्याआधी जितक्या वेळा घातला जातो, ते प्रमाण ३६ टक्क्यांनी घसरले. भाज्य दुप्पट, भाजक कमी. जुन्या कपड्यापासून पुन्हा कपडा बनण्याचे प्रमाण तर एक टक्क्याहूनही कमी आहे. त्यामुळे 'पुनर्वापर केलेल्या धाग्याचा कुर्ता' या चिठ्ठीवर फार भिस्त ठेवता येत नाही. आपल्याकडे कपड्याला लांब आयुष्य देणारी साखळी होती आणि ती अजून पुरती तुटलेली नाही. मोठ्याचा सदरा धाकट्याला, मग बोहारणीच्या टोपलीत, तिथून दुरुस्त होऊन जुन्या बाजारात कोणाच्या तरी अंगावर. मऊ झालेले लुगडे गोधडीच्या पोटात आणि शेवटचा तुकडा फरशी पुसायला. एकाच कापडाला चार-पाच जन्म. आकाशकंदिलाचेही तसेच होते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा माळ्यावर जपून ठेवायचा आणि दरवर्षी पतंगी कागद, करंज्या आणि शेपट्या तेवढ्या खळीने नव्या चिकटवायच्या. कंदील दर दिवाळीला कोरा दिसायचा आणि नवा खर्च मूठभर कागदाचा असायचा.

तिसरा प्रकार विजेवर चालणाऱ्या वस्तूंचा. इथे 'जुने ते सोने' हे सूत्र डोळे मिटून लावता येत नाही. मोबाइलचा पर्यावरणावरचा बहुतेक भार तो बनवतानाच पडलेला असतो; त्याला लागणारी वीज किरकोळ. म्हणून चांगला चालणारा मोबाइल सवलतीच्या मोहात दोन वर्षांत बदलणे हा तोट्याचा व्यवहार आहे. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला पाव हिस्सादेखील रीतसर गोळा झाला नाही. याउलट पंखा, फ्रिज आणि एसी यांचा खरा खर्च चालण्यात आहे, आणि चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या राज्यात तर आहेच. साधा छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, नव्या बीएलडीसी मोटरचा तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास, वर्षातले तीनशे दिवस धरले, तर एका पंख्यामागे दीडशेहून अधिक युनिट वाचतात. घरातले तीन जुने पंखे बदलणे ही मोठ्या टीव्हीपेक्षा कितीतरी शहाणी पाडव्याची खरेदी ठरेल. पण पंख्याच्या पानभर जाहिराती दिवाळीत दिसत नाहीत. आणि नवा फ्रिज घेतल्यावर जुना गॅलरीत चालूच ठेवला, तर वीजबचतीचे पाच तारे घेऊनही बिल वाढते.

आता दोन मोठे आक्षेप. पहिला असा, की सणाला हात आखडता घ्या म्हणणे हे पोटभरल्यांचे तत्त्वज्ञान आहे. ज्यांच्या अंगावर वर्षातून एकदाच नवे कापड चढते, त्यांना काय सांगणार? त्यांना काहीच सांगायचे नाही. ते कपडा झिजेपर्यंत वापरतात, त्यांचा भागाकार चोख आहे. नव्या कपड्यांची दिवाळी ही रूढीच मुळात संयमाची होती. सण आला की घ्यायचे, याचा अर्थ एरवी घ्यायचे नाही. दिवाळी हा खरेदीला घातलेला बांध होता. आज दर महिन्याला कसला ना कसला 'सेल' असतो, बांध फुटला आहे, आणि दिवाळी ही वर्षभराच्या खरेदीत आणखी एक भर झाली आहे. म्हणून इथे दोष सणाचा नाही. याच आक्षेपाची दुसरी बाजू रोजगाराची. लोकांनी कमी घेतले तर पेणचा मूर्तिकार आणि येवल्याचा विणकर काय खाणार? पण घाऊक, स्वस्त, लवकर विटणाऱ्या मालातला मोठा वाटा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तीन गिरणीच्या साड्यांऐवजी एक हातमागाची घेतली, तर खर्च तेवढाच राहतो, कापड कमी लागते आणि मजुरी जास्त लोकांच्या हाती पडते. रफूगार, चांभार, कल्हईवाला, मिक्सर दुरुस्त करणारा यांचा धंदा तर वस्तू टिकण्यावरच चालतो आणि त्यांचा पैसा गावातच फिरतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रश्न कारखान्यांचा आणि सरकारचा असताना सगळा भार गिऱ्हाइकाच्या शिरावर का? हे खरेच आहे, आणि थर्माकोलच्या मखरांनी ते दाखवून दिले. वर्षानुवर्षे आवाहने झाली, पण मखरांच्या दुकानांत पुठ्ठा, कापड आणि लाकूड खऱ्या अर्थाने आले ते २०१८ च्या बंदीनंतर. 'पर्यावरणपूरक' या शिक्क्याचा बाजार आवरायलाही कायदाच लागतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हरित दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. आता असा दावा करणाऱ्याने त्याचा पुरावा देणे अपेक्षित आहे. दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. पण बंदी राबवायला आणि तत्त्वे कागदावरून बाजारात आणायला मागणी लागते, आणि ती गिऱ्हाईकच निर्माण करतो. पातळ पिशव्या भाजीबाजारात अजून मिळतात, कारण आपण त्या मागतो.

म्हणून येत्या सणाला हरित शिक्क्याचा माल शोधत फिरण्यापेक्षा वस्तू कोणत्या खात्यातली आहे, ते आधी पाहावे. एकदाच वापरायची असेल, तर ती कमी, लहान आणि परत मातीत किंवा कामात येणारी घ्यावी. टिकाऊ असेल, तर ती पाच वर्षांनी दुरुस्त होईल का, ते पाहावे. विजेवर सतत चालणारी असेल, तर तारे मोजावेत आणि जुनी वस्तू अधिकृत संकलन केंद्रात द्यावी. बाजार गिऱ्हाइकाचा प्रश्न ऐकतो, फक्त तो प्रश्न पुरेशा लोकांनी विचारावा लागतो. आज काउंटरवर सगळे एकच विचारतात, की यावर सूट किती. त्याच्या जोडीला 'याचे सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि दुरुस्ती कुठे होते' असे दिवसातून दहा जणांनी विचारले, तर दुकानदाराला ते उत्तर कंपनीकडून मागवावे लागेल, आणि ज्या कंपनीकडे उत्तर नसेल तिचा माल पुढच्या दसऱ्याला मागच्या फळीवर जाईल.