समजून घ्या : घरात समुद्री फिश टँक लावताय? लाइव्ह रॉक घ्यावा की ड्राय रॉक?

अंबड : मत्स्योदरी देवीची टेकडी माशाच्या आकाराची, पण समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. अशा गावात खाऱ्या पाण्याचा टँक लावायचा, तर माशांआधी प्रश्न येतो दगडाचा.

लाइव्ह रॉक म्हणजे मेलेल्या प्रवाळांचा सच्छिद्र सांगाडा. जिवंत असतात ते त्यातले जिवाणू. मासे सोडतात तो विषारी अमोनिया हे जिवाणू आधी नायट्राइटमध्ये, मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये बदलतात. त्यामुळे टँक लवकर तयार होतो. मात्र लांबच्या प्रवासात, त्यातही मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, दगडावरचे जीव मेले की तेच कुजून अमोनिया वाढवतात.

खरी अडचण कायद्याची. सर्व कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. समुद्रातून बेकायदा काढलेला दगड अंगलट येऊ शकतो; अनुसूची 1 मधील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान 3 वर्षं कैद आहे. वाळवून ‘ड्राय रॉक’ म्हणून विकला, तरी तो प्रवाळच.

म्हणून कारखान्यात बनवलेला सिरॅमिक ड्राय रॉक मागा आणि बिल घ्या. त्यात जिवाणू नसतात. ते बाटलीतले विकत आणून सोडावे लागतात. पाणी बोअरचं नको, आरओचं घ्या. लिटरला साधारण 35 ग्रॅम सागरी मीठ घाला, स्वयंपाकाचं नव्हे. मग थोडा अमोनिया देऊन 4 ते 6 आठवडे थांबा. दुकानदार घाई करेलच. पण टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत मासा आणू नका.