बत्तीस छायाचित्रं आणि एक नृत्य

अमेरिकी आधुनिक नृत्यांगना मार्था ग्रॅहमचं ‘लॅमेंटेशन’ आज पाहता येतं, कारण ते शरीराकडून शरीराकडे चालत आलं. १९३० सालचं हे एकल नृत्य. नर्तकी बाकावर बसलेली, ताणल्या जाणाऱ्या जर्सी कापडाच्या नळीत जवळजवळ गुरफटलेली, आणि सोबत झोल्तान कोदायची पियानोरचना. ग्रॅहमने स्वतः केलेल्या या नृत्याचं १९४३ सालचं चित्रणही आहे. पुढच्या नर्तकींना पाहायला, विचारायला कुणीतरी होतं.

‘इम्पीरियल जेस्चर’च्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. १९३५ सालचं हे एकल नृत्य साम्राज्याच्या हावेवर आणि मस्तीवर होतं. काळ हिटलर-मुसोलिनीचा. पुढच्याच वर्षी बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने नाझी जर्मनीने नाचायला बोलावलं, तेव्हा ग्रॅहमने ठाम नकार दिला. अशा बाईने सत्तेचा माज स्वतःच्या अंगावर कसा वागवला असेल, हे पाहावंसं वाटतं. पण चित्रफीत नाही, लेहमन एन्जेलचं मूळ संगीतही हरवलं. उरली ती बार्बरा मॉर्गनने काढलेली बत्तीस छायाचित्रं आणि त्या काळची काही परीक्षणं.

एवढ्या शिदोरीवर ग्रॅहमच्या कंपनीत पूर्वी नाचलेली किम जोन्स कामाला लागली. २०१३ साली ब्लेकली व्हाइट-मॅकग्वायर या नर्तकीने हे नृत्य पुन्हा रंगमंचावर आणलं. संगीत नव्याने लिहिलं पॅट्रिक डॉहर्टीने.

यातली खरी अडचण छायाचित्रांचीच आहे. मॉर्गन चालू प्रयोगात फोटो काढत नसे. आधी नृत्य पुन्हापुन्हा पाहायची, त्याचं सार जिथे एकवटलं आहे असे क्षण मनाशी ठरवायची आणि मग स्टुडिओत ते पुन्हा करवून घ्यायची. म्हणजे ही चित्रंसुद्धा तिची निवड आहे. दोन चित्रांच्या मध्ये काय घडलं, किती वेळ गेला, कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे चित्र सांगत नाही. आपल्याकडे कथकचा तोडा विसरला, तरी बोल हाताशी असतील तर निदान त्याची लय सापडते. इथे तोही आधार नाही.

मग नर्तकीने कशाला धरायचं? या नृत्याच्या वेशातल्या घागऱ्याच्या प्रचंड घेराला. कापड कुठल्या बाजूला उडालं आहे, त्यावरून शरीर कुठून फिरत आलं याचा अदमास बांधता येतो. आणि श्वासाला. ग्रॅहमच्या तंत्रात श्वास सोडताना ओटीपोट आत खेचलं जातं, पाठीचा कणा कमानीसारखा वळतो; श्वास घेताना ती कमान सुटते. हे तंत्र वर्षानुवर्षं अंगात मुरलेली नर्तकी चित्रातली पाठ पाहून ओळखू शकते, की इथे श्वास आत आहे की बाहेर. बाहेरून आलेली कितीही कुशल नर्तकी ती पाठ हुबेहूब करील. त्या पाठीपर्यंत पोचायची वाट मात्र तिला सापडणार नाही. म्हणून अशा कामात अभ्यासकाइतकाच अधिकार नाचणाऱ्या शरीराचा असतो, असं मला ठामपणे वाटतं.

आज जे दिसतं ते १९३५ चं नृत्य जसंच्या तसं आहे, असं म्हणता येणार नाही. ते ग्रॅहमचं आहेच. मधल्या जागा जोडणाऱ्या किम जोन्सचं आणि त्या जागा अंगाने भरून काढणाऱ्या व्हाइट-मॅकग्वायरचंही आहे. त्याच्या श्रेयात ही तिन्ही नावं एकाच आकाराच्या अक्षरांत छापली गेली पाहिजेत.